चूल अंगणात गेली ते वर्ष

कामठा मोडायच्या आधी बोलतो, असं माझा बा म्हणायचा. धनुष्याला आमच्या पाड्यावर कामठाच म्हणतात. नवा असो की जुना, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा ओढायचा तर बा तो कानाशी धरायचा, दोरी चार बोटं ओढायचा आणि न सोडता हळूच परत न्यायचा. मग वीतभर ओढायचा, मग हातभर. मधेच कुठे भाजलेला चिंचोका फुटावा एवढा जरी आवाज आला, तरी तो कामठा खाली ठेवायचा. "तो सांगतो, दुखतंय. आपण ऐकला नाय तर मग थोबाड फोडतो," असं म्हणायचा. माझ्या भावाच्या हातात जो कामठा मोडला तो बोलला नव्हता. त्या दिवशी मी तिथं होते, बाचा कान त्याला लागलेला मी पाहिला होता. तो का बोलला नाही याचं खरं कारण आमच्या घरात कुणी कुणाला सांगितलं नाही. दुसरंच कारण सांगितलं गेलं आणि सगळ्या पाड्यानं ते खरं धरलं. मला आकड्यांत आणि मापांत चूक सहन होत नाही, हा माझा स्वभाव घरातले सगळे जाणतात. म्हणून ते खरं कारण इथं नीट लिहून ठेवते.

आमचं घर डहाणू आणि तलासरीच्या मधल्या डोंगराकडच्या पाड्यावर होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं. आत शिरलं की उजव्या हाताला चूल, आणि चुलीच्या बरोबर वर बांबूचा माळा. आमच्या घरातलं जे काही टिकवायचं होतं ते सगळं त्या माळ्याच्या आसपास असायचं. बियाण्याची मक्याची कणसं सालींनी एकमेकांना बांधून टांगलेली, सुक्या बोंबलांची माळ, मासे धरायची टोपली, आणि सगळ्यांत वर, कौलांखालच्या वाशाला मारलेल्या दोन खुंट्यांवर आडवे ठेवलेले कामठे. चूल सकाळी पेटायची ती नाचणीची भाकरी आणि कोरा चहा होईपर्यंत, आणि संध्याकाळी परत भातासाठी. धूर वर जायचा, माळ्यात घोटाळायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. माझ्या आश्रमशाळेच्या गणवेशालासुद्धा तो वास असायचा. बाजारपेठेतली एक मुलगी मला "धुरी" म्हणून हाक मारायची. आता माझ्याकडे गॅस आहे आणि घरात कशालाच कसला वास येत नाही. डब्यातल्या डाळीला मात्र दर पावसाळ्यात पोरकिडे होतात.

मुलगा बापाच्या खांद्याला लागला की बापानं त्याच्यासाठी कामठा करायचा, अशी आमच्या घरची रीत होती. रमण, माझा मोठा भाऊ, त्या उंचीचा झाला तेव्हा मी सातवीत होते. शिकारीला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ससा-लाव्यांच्या गोष्टी बाच्या बापाच्या होत्या. आमच्या वेळेला कामठा असायचा तो नाचणीच्या आणि वरईच्या शेतातून डुकरं हाकलायला, आणि खरं सांगायचं तर घरात कामठा असावा म्हणून असायचा. बानं पाऊस संपल्यावर धामणीच्या झाडाचं लाकूड आणलं. ओल्या पावसात तोडलेलं लाकूड रसानं भरलेलं असतं, ते नंतर आंबतं किंवा किडतं, म्हणून पाऊस पूर्ण जाऊ द्यायचा. खोडाला गाठ नको, पीळ नको. करवत तर मुळीच लावायची नाही. कुऱ्हाडीच्या पात्यानं फट पाडून, पाचरी मारत, लाकूड जिथून आपण होऊन फाटेल तिथून फाटू द्यायचं. "करवत आपल्या मनानं जाते. लाकडाची रेष कठं जाते ते तिला काय ठाऊक?" बा म्हणाला. मग फाळक्याच्या दोन्ही टोकांना शेण लिंपून ते सावलीत ठेवलं, कारण टोकं आधी सुकली तर चिरतात आणि चीर सरळ मधे चालत जाते.

पुढचा उन्हाळाभर ते सुकत होतं. मग बा घासायला बसला तेव्हा मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन समोर बसायचे. बा अंगठ्याच्या पेरानं मापायचा आणि मी सेंटिमीटरमध्ये. मुठीजवळ जाडी अडीच सेंटिमीटर. मुठीपासून दोन्ही बाजूंना एकेका वितीवर दोनला एक रेघ कमी. टोकाशी सव्वा. वरच्या पात्याला आणि खालच्या पात्याला कुठेही एका रेघेचा फरक मला सापडला नाही. ते मला तेव्हा इतकं आवडलं होतं की मी पट्टी परत परत लावायचे. एक पातं जाड राहिलं की दुसऱ्याला दोघांचं काम करावं लागतं आणि तेच मोडतं, असं बा म्हणायचा. पोटाची बाजू, म्हणजे ओढणाऱ्याकडची, तो कोयत्यानं आणि शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडायचा. पाठीला मात्र त्यानं फक्त साल काढण्यापुरता हात लावला. सालीखालचं पांढरं लाकूड, त्यातली एक रेषसुद्धा न तोडता, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवलं. "ओढताना पाठ ताणते. तिची रेष तुटली तर सळ उठतो, अन् सळ उठला की मोडला." सळ म्हणजे रेषेवरून सुटून उठलेली लाकडाची लांब काडी. मी विचारलं, मग आतलं लाल लाकूड जास्त टणक आहे तर तेच का नाही ठेवत पाठीला? तो म्हणाला, "पांढरं वाकतं. पण ते गोड असतं, किड्याला आवडतं. म्हणून त्याला धूर द्यायचा आणि मोहाच्या बियांचं तेल चोळायचं." हे त्यानं तेव्हा सहज सांगितलं होतं.

आमच्या शेजारचे लाडक्याकाका हे सगळं बघत ओट्यावर तंबाखू मळत बसायचे. त्यांना स्वतःला कामठा करता यायचा नाही, पण कुणाचा बरा, कुणाचा वाईट हे सांगता यायचं. "देवज्या, तुझा कामठा घेऊन माणूस म्हातारा होतो, कामठा नाय होत," ते म्हणायचे. "मना एक दे, मी पण जुना होऊन बघतो." बानं त्यांना पूर्वीच एक करून दिला होता. आजूबाजूच्या पाड्यांवर मिळून बाच्या हातचे तेरा कामठे होते. ही संख्या मला नक्की माहीत आहे. का, ते पुढे येईल.

रमणला कामठ्याचं कौतुक होतं, पण त्याचा जीव दुसरीकडे होता. तो अच्छाडला महामार्गावरच्या टायरच्या दुकानात कामाला लागला. नाक्यावर ट्रक तासन्‌तास उभे राहायचे. पंक्चर काढताना चालकांशी बोलून त्याची हिंदी आणि गुजराती माझ्यापेक्षा चांगली झाली होती. त्याला मोठी गाडी चालवायची होती. लहान गाडीचं लायसन त्यानं काढलं होतं आणि मोठ्या गाडीचं काढायचा तो दिवस मोजत होता. घरी आला की पाटावर बसून जेवताना एक पाय क्लचवर असल्यासारखा दाबायचा. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "गाडी थांबव आदी, जेव. नायतर ताटातच घाट उतरशील." तो म्हणायचा, "आय, तुला काश्मीरला नेईन. केबिनमधे झोपायला फळी असते." आईला काश्मीर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "तठं मासळी मिळते का?"

मग जमीन हलायला लागली. दिवाळी होऊन गेली होती, भात झोडून झालं होतं. आधी आवाज यायचा, खाणीत सुरुंग उडवावा तसा, पण खालून. मग फळीवरची भांडी एकमेकांना लागायची, मग कौलं. पहिल्यांदा सगळे हसले. नंतर ते रोजचं झालं आणि हसणं बंद झालं. साहेब लोक येऊन सांगून गेले की घरात झोपू नका. ताडपत्र्या वाटल्या. आमच्या पाड्यावर सगळ्यांनी अंगणात मांडव घातले. बाचं म्हणणं होतं की कुडाचं घर हलतं पण पडत नाही, कारवी वाकते. ते खरंच होतं, आमच्या घराची एकही भिंत पडली नाही. पण कौल निसटून आईच्या पाठीमागे, ती भाकरी भाजत असताना, पाण्याच्या मातीच्या हंड्यावर पडलं. हंडा फुटला. आईनं त्याच दिवशी चूल बाहेर काढली. तीन दगड, तवा, पाटा-वरवंटा, सगळं मांडवात. बा म्हणाला, "लखे, झोपू बाहेर. पण चूल आत राहू दे." ती म्हणाली, "रमणच्या बा, तुला घर पायजे की पोरं?" बा उठून मांडवाची दोरी ताणायला लागला. मला वाटतं, त्याला जे म्हणायचं होतं ते तिच्या प्रश्नापुढे फार क्षुल्लक होतं.

लोकांना वाटतं भीती धक्क्याच्या वेळी असते. ती दोन धक्क्यांच्या मधे असते. हंड्यातलं पाणी थरथरलं का ते बघत राहायचं. कुत्री उठली की आपण उठायचं. मांडवात दहिवर पडून गोधड्या ओल्या व्हायच्या, आई पहाटे अंगणातली चूल पेटवायची आणि धूर उघड्यावर चिकूच्या झाडाकडे निघून जायचा. घर आतून थंड पडलं होतं. कामठे, कणसं, टोपल्या वरच राहिल्या. त्यांच्या अंगावर कौल पडलं तर पडू दे, असं सगळ्यांचं झालं होतं. फक्त रोज सकाळी आई दार उघडून आत जायची, झाडून यायची, आणि दारात उभी राहून म्हणायची, "आज पण पडलाय भुगा. कूड उसवत चाललाय." झाडणीच्या पुढे मातीची छोटी रास असायची. कुडाची माती लाल होती. त्या राशीत वरईच्या पिठासारखं काही फिकट असायचं, हे मला आठवतं. पण तेव्हा घरातून रोज काही ना काही पडतच होतं.

पावसाळ्यातही चूल बाहेरच राहिली. ताडपत्री दुहेरी केली, बाजूंना पेंढा लावला. पेरणीच्या वेळी आईनं मक्याची कणसं उतरवली तर दाणे भोकांनी भरलेले. एका कणसात धड दाणे नव्हते. "ओल लागली असंल," ती म्हणाली आणि कोंबड्यांपुढे टाकली. बा तेव्हा किनाऱ्याकडच्या चिकूवाडीत तोडणीच्या कामाला होता. तो घरी असता तर, असं मी कितीदा म्हटलं असेल. त्या कणसांवरून त्याला वर बघायचं सुचलं असतं.

पाऊस गेला, धक्के विरळ झाले, नाचणी भरली आणि डुकरांचा माग दिसायला लागला. रानात राखणीला बसायच्या पहिल्या दिवशी पाड्यावरचे पुरुष पडीक खाचरात जमायचे आणि केळीच्या खुंटावर प्रत्येकी एक तीर सोडायचे, आमच्याकडचा तो एक छोटा सण. बायका चवळी उकडून आणायच्या. रमण त्यासाठी अच्छाडहून आला होता. बानं आदल्या दिवशी दोन्ही कामठे उतरवले, पुसले, तेल चोळलं, सावलीत ठेवले. रमणच्या कामठ्याच्या मुठीला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती, ती त्यानं सोडली नाही. सोडायचं काही कारण नव्हतं. दुपारी अंबाडीची दोरी चढवली आणि कानाशी धरून चार बोटं, वीतभर, हातभर, असं सगळं रीतसर केलं. कामठा गप्प होता. बानं तो रमणला दिला.

"ओढ, डायवर," लाडक्याकाका ओरडले. "पहिला गियर टाक."

रमण हसला. त्यानं तीर लावला, पूर्ण ओढला, आणि मला आठवतं ते एवढंच की आवाज अगदी कोरडा होता. वाळकी भाकरी मोडावी तसा. वरचं पातं दोरीसकट उलटं त्याच्या तोंडावर आलं. तो खाली बसला, डाव्या डोळ्यावर दोन्ही हात धरून, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "काय नाय झाला, आय, काय नाय झाला." आईच्या हातातली चवळी मातीत सांडली होती. त्याच्या बोटांमधून जे येत होतं ते नुसतं रक्त नव्हतं.

डहाणूच्या दवाखान्यातून पुढे सेलवासला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी शक्य ते केलं आणि बाला बाहेर बोलावून सांगितलं की डोळा गेला, दुसरा शाबूत आहे, हे नशीब समजा. बानं एकच विचारलं, "एका डोळ्यावर मोठी गाडी मिळते का, साहेब?" डॉक्टर नाही म्हणाले. चालकाच्या जागेवरून एक बाजू दिसणारच नाही. बानं मान हलवली, मापाची गोष्ट त्याला लगेच कळायची.

रमण घरी आला, पट्टी बांधलेला, मांडवात पेंढ्याकडे तोंड करून पडून राहायचा. पाय हलत नसे. बा त्याच्याशी बोलत नव्हता आणि तोही बाशी बोलत नव्हता. बाला एकच ध्यास लागला होता. कामठा आपल्या हातून चुकला की काय? तो माझ्याशी, किंवा माझ्याकडे बघून स्वतःशी, एकेक गोष्ट मोजायचा. लाकूड पावसानंतर तोडलं. गाठ नव्हती. फाळून काढलं. दोन्ही पाती सारखी होती, "तूच मापली ना, सुने?" मला घरात सुने अशीच हाक असे. मापली होती. रमण कधी रिकामी दोरी सोडत नसे, तीर न लावता दोरी सोडली तर सगळा जोर कामठ्याच्या अंगातच राहतो. वापर झाला की दोरी उतरवली जायची, ताणून ठेवला नव्हता. भिंतीला टेकवून उभा ठेवला नव्हता, आडवाच होता. पोराच्या हाताच्या लांबीपेक्षा जास्त ओढला नव्हता. "मग माझाच हात. दुसरा काय असंल?" तो म्हणायचा. मोडलेले दोन तुकडे कुणीतरी खाचरातून आणून घरामागे टाकले होते. बा त्यांच्याजवळ जायला घाबरत होता. त्यात त्याची चूक दिसेल असं त्याला वाटत होतं.

एका सकाळी मी चहा घेऊन घरामागे गेले तर तो तुकडे मांडीवर घेऊन बसला होता. मोड मुठीच्या वरच्या टोकाशी, पट्टीच्या कडेखाली होती. सळ नव्हता, लांब फाटलं नव्हतं, सुरीनं कापल्यासारखं आखूड तुटलं होतं. तो लुगड्याची पट्टी उलगडत होता. शेवटचा वेढा सुटला आणि पांढऱ्या लाकडावर भोकं दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी, पट्टीच्या आड राहिलेली. मी सात मोजली. बानं तुकडा तळहातावर आपटला. पीठ पडलं. फिकट, मऊ, वरईसारखं. त्यानं ते बोटानं पसरलं. आतून पीठ झालेल्या लाकडाकडे बोलायला काही उरलं नव्हतं. मग त्यानं वर, कौलांकडे पाहिलं, मग उघड्या मागच्या दारातून आत, जिथं चूल होती त्या काळ्या जमिनीकडे. आणि मग घराच्या कडेनं अंगणाकडे. मांडवात आई वाकून चूल फुंकत होती.

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काय आलं ते मी सांगते, कारण मी जवळ होते. सुटका आली. त्याचा हात चुकला नव्हता. ती तेवढाच वेळ टिकली. मग त्यानं मूठ मिटली, पीठ आत.

"बा," मी म्हटलं, "धूर नव्हता म्हणून..."

"गप," तो म्हणाला. कधी नाही इतक्या हळू. "ती रोज झाडत होती, सुने. रोज. तिला कळला तर ती जगंल का?"

त्यानं कोयता घेतला, दोन्ही तुकड्यांच्या चिरफळ्या केल्या, त्या घेऊन अंगणात आला आणि आईच्या चुलीत सारल्या. तेल प्यायलेलं लाकूड चटकन पेटलं. लाडक्याकाका तिथंच होते, रमणजवळ बसलेले. "अरे, जाळला? मना बघू तरी द्यायचा. कसा मोडला तो?"

"रेष तोडली मी," बा म्हणाला. "पाठीची. घासताना. माझीच चूक."

"तू? रेष?" काका उठून उभे राहिले. "रेष तुटली तर सळ निघतो, देवज्या. मी आवाज ऐकलाय. तो काय सळाचा आवाज नव्हता."

"तुला काय ठाऊक? तू कधी कामठा केलास काय?" बा ओरडला. इतक्या वर्षांच्या शेजारात तो त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडला. काका परत रमणजवळ बसले. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. रमणनं कूस बदलली आणि एका डोळ्यानं बाकडे पाहिलं.

"लाकूड खोटं बोलत नाय, असा तूच म्हणायचास ना, बा?"

बानं उरलेली चिरफळी चुलीत आत ढकलली. आई चुलीत बघत होती. फुंकणी तिच्या हातात होती, पण ती फुंकत नव्हती.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. देवजीच्या कामठ्यानं देवजीच्या पोराचा डोळा खाल्ला. मग कामठे परत यायला लागले. कुणी भांडायला आलं नाही, तेच वाईट होतं. माणूस यायचा, ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा, पिकाचं बोलायचा, आणि उठताना कामठा भिंतीशी आडवा ठेवायचा. "घरात पोरं हायत, देवजी." बा म्हणायचा, "बरा केलास." तेरा कामठे परत आले. शेवटचा लाडक्याकाकांचा. ते रडत होते. "मी नाय ठेवत म्हणून नाय. घरची आयकत नाय," ते म्हणाले. प्रत्येक कामठा परत आला की मी तो मापून बघत असे. कशात एका रेघेचा फरक नव्हता. एक शब्द बोलला असता तर बा ते सगळे तिथल्या तिथं त्यांच्या हातात परत देऊ शकला असता. तो शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्यानं परत कधी लाकूड फाळलं नाही. चिकूवाडीतलं काम करायचा, घरी येऊन ओट्यावर बसायचा. त्याचे हात मांडीवर उताणे पडलेले असायचे.

रमण अच्छाडला गेला तो तिकडचाच झाला. टायरच्या दुकानात एका डोळ्यानं पंक्चर काढायचा आणि गाड्या जाताना बघायचा. बाच्या आजारपणात दोनदा आला. दाराशी उभा राहून विचारपूस करून गेला, बाजेजवळ गेला नाही. बा गेल्यावर, आणि पुढे आई गेल्यावर, मी त्याला चारोटीच्या एका हॉटेलात बसवून सगळं सांगितलं. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते. बराच वेळ तो बशीतला चहा थंड करत बसला. मग म्हणाला, "इतकी वरसं मी त्याला चुकीच्या गोष्टीसाठी माफ नाय केला." आणि जरा वेळानं, "आईला ठाऊक होता काय?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याच्या वाट्याला आधीच पुरेसं आलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं, ते इथं लिहिते.

कामठे परत आले त्या हिवाळ्यात आईनं चूल पुन्हा घरात नेली. धक्के पूर्ण थांबले नव्हते. आम्ही मांडवातच झोपत होतो, पण स्वयंपाक आत. परत आलेले तेरा आणि बाचा जुना एक, चौदा कामठे तिनं स्वतः एकेक करून वाशावर चढवले. खुंट्या पुरल्या नाहीत तेव्हा दोऱ्या बांधल्या. आणि मग ती रोज, जेवण झाल्यावर, निखाऱ्यांवर ओला पाला टाकायला लागली. घरात हात दिसायचा नाही इतका धूर व्हायचा. ती त्यात बसून राहायची. तिचे डोळे लाल व्हायचे, पुढे पुढे त्यांना दिसायचंही कमी झालं. मी एकदा सुट्टीत घरी आले होते. खोकत खोकत आत गेले आणि म्हटलं, "आय, भाकरी झाली ना? कशाला एवढा पाला?"

"वर कामठे हायत," ती म्हणाली.

"ते आता कोण ओढणार हाय?"

"कोण नाय ओढणार," ती म्हणाली. आणखी एक मूठ पाला टाकला, वाकली आणि फुंकायला लागली. "पण किडा लागंल."

हा शब्द बानं तिच्यासमोर कधीच उच्चारला नव्हता. मी मागे वळून पाहिलं. बा दाराबाहेर ओट्यावर बसला होता, पाठ आमच्याकडे. त्यानं ऐकलं होतं. तो उठला नाही, त्यानं मान वळवली नाही. दारातून निघणारा धूर त्याच्या अंगावरून अंगणात जात होता आणि तो त्यात तसाच बसून राहिला.